आक्काचा चेअरमन

ये ग रेखा, अशी जवळ सरक. दारात उभी राहून ऐकू नकोस, बस चांगली मांडी घालून. फोनवर तू मला कधी पुरतं बोलू दिलं आहेस का? मी "आक्काचं असं झालं बघ..." म्हणेपर्यंत तिकडून "बरं काकू, ठेवते" ऐकू येतं. म्हणून आता पेपरच्या पुरवणीतच लिहायला बसले. पेपर मधेच ठेवला तरी ओळी कुठं जात नाहीत, चहा पिऊन पुन्हा वाचता येतं. बाकीचे वाचणारेही बसा. ही रेखा म्हणजे माझ्या थोरल्या जावेची लेक, पुण्याला नोकरी करते. थोरली जाऊ म्हणजे आक्का. नाव कौसल्या, पण आमच्या गावात त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आक्का गेली त्याला आता महिना उलटून गेला.

आणि रेखा, तुला थोडं बोलायचंही आहे. तेराव्याचं आटपून गाडीत बसताना तू काय म्हणालीस? "काकू, आईच्या त्या सशाला रानात सोडून द्या, तुमी बी सुटाल अन् तोबी सुटंल." अगं, पिंजऱ्यात जन्मलेला ससा रानात सोडायचा म्हणजे कुत्र्यापुढं ताट वाढून ठेवायचं. गेवराईच्या मातीत वाढलीस आणि एवढं विसरलीस? रागावत नाही मी. माझे गुडघे बघून तुला माझी काळजी वाटली, कळतं मला. पण सोडायला सांगताना तुला एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती आज सांगते.

बातमी आली तेव्हा मी पोतं भिजवत होते. उन्हाळ्यात सशाच्या पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकावं लागतं, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात तो दुपार काढत नाही. आक्का बीडच्या दवाखान्यात, तिच्यापाशी आमचे मालक, आणि घरी मी अन् हा ससा. फोन वाजला. मालक म्हणाले, "आक्का गेली. झोपेतच गेली, कळलंबी न्हाई." हातातलं पोतं टपटप गळत होतं आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "बरं झालं, हाल न्हाई झाले." कुणी ऐकलं असतं तर नाव ठेवलं असतं. पण शेवटचे दोन महिने तिचा श्वास ज्यांनी ऐकला होता त्यांना कळेल. मग मी ते पोतं पिंजऱ्यावर टाकलं, नीट चारी बाजूंनी ओढलं, आणि खाली बसून रडले.

आदल्या दिवशीच मी तिला भेटून आले होते. दुपारच्या एसटीनं गेले, भाकरीचा काला कालवून नेला होता, तिनं दोन घास खाल्ले. तुझी चौकशी केली नाही असं नाही, पण पहिला प्रश्न होता, "चेअरमन जेवला का?" शेजारी सलाईन बघणारी सिस्टर दचकली. म्हणाली, "आजी, कोणते चेअरमन? कारखान्याचे का?" आक्का म्हणाली, "आमच्या घरचे हायत. फार खटपटी न्हाईत, खाऊन पडून असत्यात." ती पोर आदरानं मान हलवून बाजूला झाली. मग आक्कानं मला खूण करून जवळ बोलावलं.

"विमल, तू त्याला कुणाला देऊ नको."

"न्हाई देत."

"जमणार नसंल तर आत्ताच सांग, लाजू नको. तुला ससे आवडत न्हाईत."

"मला तुमी तरी कुठं आवडत होता पहिल्यांदा?"

ती हसली, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. पाठीवरून हात फिरवला तर नुसती हाडं लागली. उबळ थांबल्यावर म्हणाली, "मग काय काळजी न्हाई." आणि खरंच कूस बदलून पडून राहिली. रेखा, हे मी तुला तेराव्याला सांगणार होते, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला स्वतःलाच त्या शब्दाची भीती वाटायला लागली होती. कारण आक्का गेली त्या दिवसापासून चेअरमननं खाणं सोडलं होतं.

आता हे चेअरमन प्रकरण नवीन वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे. मोठा दुष्काळ पडला होता त्या सालची गोष्ट. गोदावरी आमच्यापासून लांब नाही, पण त्या साली नदीत वाळू उपसणाऱ्या गाड्यांशिवाय काही वाहत नव्हतं. विहिरी तळाला गेलेल्या, गावाला टँकर. आमची बायांची दूध संस्था होती, शाळेशेजारच्या खोलीत. मी तिथं दूध मापायला बसायचे. पण जनावरंच चारा छावणीला गेली म्हटल्यावर दूध कुठलं मापणार? कॅन पालथे घातलेले, बाया नुसत्या येऊन बसायच्या आणि टँकर कधी येईल यावर बोलायच्या. अशात कुठूनसा एक माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. म्हणाला, ससे पाळा. खातो कमी, पितो कमी, वाढतो लवकर. पिल्लं आम्हीच घेऊन जाऊ. आमच्या चेअरमनबाई हिकमती बाई, त्यांनी संस्थेतून सभासदांना ससे वाटायचं ठरवलं. ससे आले, वाटले, फोटो निघाले. तो माणूस पिल्लं न्यायला काही पुन्हा फिरकला नाही. त्याचा शर्ट तेवढा अजून आठवतो.

आक्कानं ससे निवडताना मला बाजूला सारलं. तिला शेळीतलं कळायचं, कोंबडीतलं कळायचं, त्यामुळं सशातलंही कळतं असं तिनं गृहीत धरलं. दोन ससे उलटे करून बघितले आणि म्हणाली, "दोनी माद्या हायत. वाढायची भानगड न्हाई, गुमान ऱ्हातील." महिना-दीड महिना गुमान राहिले. मग त्यातली एक आपल्याच छातीचे केस उपटायला लागली. मालक म्हणाले, "खरूज झाली, पोरांना हात लावू देऊ नका." सकाळी बघतो तर त्या उपटलेल्या केसांच्या गादीत काहीतरी गुलाबी वळवळतंय, करंगळीएवढं, एकावर एक. मी म्हटलं, "आक्का, दोनी माद्या ना?" ती पिल्लांकडं बघत म्हणाली, "दोनी मादीच हायत. एक जरा जास्त हुशार निघाली." आपली चूक कबूल करायची सवय तिला नव्हती, तुला माहीतच आहे.

त्या "हुशार" निघालेल्या नराचं नाव तिनं चेअरमन ठेवलं. कारण विचारलं तर म्हणे, सगळ्यांच्या आधी जेवतो, मधोमध बसतो आणि काम काही करत नाही. मादी ती सेक्रेटरी, सगळं तिलाच निस्तरावं लागतं म्हणून. पिल्लं म्हणजे संचालक मंडळ. गावात ही गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? तिसऱ्या-चौथ्या दिवशी खऱ्या चेअरमनबाई आमच्या दारात.

"कौसाबाई, ऐकलं ते खरं हाय का?"

"काय ऐकलं?"

"तुमी सशाला चेअरमन म्हन्ता."

"म्हन्ते की. मानाचं नाव हाय. बसा, चहा टाकते."

"अन् तो हागतो कुठं म्हन्ते मी, तुमच्या बाजंखाली? लोक मला इचारत्यात, चेअरमन कुठायत, तर कौसाबाईच्या बाजंखाली म्हन्त्यात."

आक्कानं चेअरमनला उचलून बाईंच्या मांडीवर ठेवलं. ससा मांडीवर ठेवला की माणसाला ओरडता येत नाही. एवढंसं काळीज त्याचं, बोटाखाली धडधडत असतं. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, चहा पिला, आणि जाताना म्हणाल्या, "नाव ठिवलंच हाय तर नीट संभाळा म्हंजे झालं."

नीट सांभाळायचं. म्हणायला सोपं आहे. कुणाला नातवंडासाठी ससा आणायची हौस आली असेल तर त्यांनी हे लक्ष देऊन वाचावं. सशाचे दात वाढतच असतात, त्यामुळं त्याला सतत काहीतरी कुरतडायला लागतं. आमच्या बाजेचा पाय, मालकांच्या चपला, देवघराच्या दाराचा कोपरा, रेडिओची वायर, सगळं त्यांच्या तोंडातून गेलं. मुताचा वास असा की पाहुणा उंबऱ्यातच थबकायचा. एरवी फरशी धुतली असती, पण टँकरच्या पाण्यानं फरशी कोण धुणार? मग आक्का चुलीतली राख पसरायची, राख सगळं ओढून घ्यायची, ती शेवग्याच्या बुडाला टाकायची. त्या दुष्काळात गावात एकच शेवगा हिरवा होता, आमचा. मातीच्या भिंतीखाली त्यांनी एकदा बीळ पाडलं आणि संचालक मंडळ शेजारच्या अंगणात निघालं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, ससा पहाटे आपलीच मऊ लेंडी खातो. मालकांनी ते एकदा बघितलं आणि त्या दिवशी न्याहारी केली नाही. आक्का शांतपणे म्हणाली, "दुष्काळ हाय, त्याला बी कळतंय. काय वाया घालवत न्हाई."

चाऱ्याचं मात्र अवघड होतं. घास कुठं मिळत नव्हता. तुझे वडील, थोरले भावजी, बैलं घेऊन छावणीत राहत होते, तिथं जनावरागणिक उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळायचं. आक्कानं एक दिवस पाटीत दोन ससे घातले, वर फडकं बांधलं आणि मला घेऊन छावणीला निघाली. तिथं टेबलावर एक बाप्या बसलेला. आक्कानं पाटी टेबलावर ठेवली.

"ह्यांचं बी नाव घ्या."

"हे काय हाय, मावशी?"

"जनावर हाय. तुमच्या पाटीवर काय लिवलंय? मोठं जनावर, ल्हान जनावर. हे ल्हान हाय."

"ल्हान म्हंजे वासरू, मावशी."

"मग ह्याच्यापरीस वासरू ल्हान आसतंय का?"

मागं रांगेत उभे असलेले गडी हसायला लागले. एक जण म्हणाला, "घ्या साहेब, दावणीला बांधू, दूध बी काढू." तो टेबलावरचा बाप्या स्वतःही हसला, पण नाव काही घेतलं नाही. नियम तो नियम. थोरले भावजी लांबून बघत होते, त्यांनी लाजेनं तोंड फिरवलं होतं. पण त्या दिवसानंतर ते घरी आले की धोतराच्या सोग्यात उसाच्या वाढ्याची कवळी टोकं असायची. बायकोला काही न बोलता पिंजऱ्यापाशी ठेवून द्यायचे. तुझ्या वडिलांना प्रेम दाखवता यायचं नाही असं तू म्हणतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आणि मग पोळा आला. पाऊस नाहीच, छावणी चालूच, बैल तिकडंच. दारात जनावर नाही असा पोळा त्या घरात कधी झाला नव्हता. आदल्या संध्याकाळी बघते तर आक्का पिंजऱ्यापुढं बसून सशांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतेय आणि बैलांना सांगतात तसं सांगतेय, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मला हसू आलं, पण तिच्या तोंडाकडं बघून हसता येईना. सकाळी तिनं स्वतःच्या आंघोळीचं पाणी राखून ठेवलं आणि दोघांना चांगलं न्हाऊ घातलं. गेरूचे ठिपके दिले. कानाला लोकरीचे गोंडे बांधले. पाटीत बसवून मारुतीला फेरी घालून आणली. गाव हसलं, पण हसताना बऱ्याच जणांनी हात जोडले, कारण त्या पोळ्याला गावातनं दुसरं कुठलं जनावर मिरवलंच नव्हतं. घरी आणून पुरणपोळीचा तुकडा तोंडापुढं धरला. सेक्रेटरीनं थोडा खाल्ला.

बैलाला न्हाऊ घातलं की बैल ताजातवाना होतो. ससा तसा नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ओला ससा गारठतो, घाबरतो, आतून विझत जातो. दुपारपर्यंत सेक्रेटरीचे कान थंडगार. आक्कानं तिला पदरात घेतलं, चुलीपाशी बसली, शेक दिला, कवळं वाढं दिलं, सगळं केलं. तिनं तोंड उघडलं नाही. घरात पुरण शिजलेलं तसंच राहिलं, कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पदरातच गेली... ससा ओरडत नाही ग, रडत नाही, पाय झाडत नाही. नुसता खायचा थांबतो. आणि एकदा थांबला की माणसाला फार वेळ देत नाही. आक्कानं तिला शेवग्याखाली पुरलं. "माझ्या हातानं न्हाऊ घातलं मी," एवढं एकदा म्हणाली. त्यानंतर तिच्या सशांच्या अंगाला कधी पाण्याचा थेंब लागला नाही, आणि पोळ्याला ती सशांच्या वाटेला गेली नाही.

पुढं पाऊस झाला. बैल आले, संस्थेचे कॅन सरळ झाले. बाकी बायांचे ससे कुणी खाल्ले, कुणी वाटले, काही कुत्र्यांनी नेले. आक्कानं मात्र एक तरी ससा कायम ठेवला आणि जो असेल तो चेअरमन. एक गेला की त्याच्याच वंशातला दुसरा त्या जागी बसायचा. "बिनविरोध," मालक म्हणायचे. नारायणगडाहून परतणाऱ्या बाया वाट वाकडी करून आमच्याकडं यायच्या, देवाचं दर्शन झालं, आता चेअरमनचं दाखवा म्हणायच्या. थोरले भावजी गेले, तू पुण्याला गेलीस, तेव्हा मला वाटायचं आता आक्का खचणार. पण रोज सकाळी कुणाला तरी खाऊ घालायचं असलं की माणूस उठतोच. तिचं ठरलेलं असायचं. मधल्या घरात, मोरीच्या अलीकडं, गार फरशीवर पाय पसरून बसायची. पुढ्यात सूप नाहीतर निवडायची भाजी. पिंजऱ्याचं दार उघडं. चेअरमन येऊन तिच्या पायाला पाठ लावून बसायचा. दोघं तासन् तास एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आक्का, वायर बघा." ती म्हणायची, "तू तुझी पोळी बघ."

आताचा हा चेअरमन म्हातारा आहे. एक कान दुमडलेला, तोंडाशी पांढुरका. त्याच्या मागं वंश नाही, हा शेवटचा. आक्का दवाखान्यात होती तोवर तो जरा कमी, पण खात होता. तिला घरी आणलं, अंगणात ठेवलं, माणसं आली, रडारड झाली, पिंजऱ्याभोवती सगळीकडं पायच पाय. त्या दिवसापासून तो कोपऱ्यात तोंड करून बसला. पुढ्यातला घास तसाच सुकायचा. रात्री कुणी नसताना एखादं पान कमी झालेलं दिसायचं, तेवढ्यावर जगत होता. उचलला तर हलका, हाताला नुसती हाडं लागायची, शेवटी आक्काच्या पाठीला लागली तशी. मला सेक्रेटरी आठवायची. मनात एकच, मी शब्द दिलाय आणि हा माझ्या हातात जाणार. आक्का "मग काय काळजी न्हाई" म्हणून निजली, आणि मी तिच्या माघारी महिनाभरसुद्धा त्याला जगवू शकले नाही असं होणार.

काय काय केलं ऐक. लसूणघास आणला, कोथिंबीर आणली, मेथीच्या काड्या दिल्या. शेजारणीनं सांगितलं, आक्काचं नेसूचं जुनं लुगडं पिंजऱ्यात अंथरा, वासानं खाईल. अंथरलं. तो त्या लुगड्याकडं पाठ करून बसला. मालक त्याला पिशवीत घालून गेवराईला जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी दात बघितले, पोट दाबून बघितलं, म्हणाले दुखणं काही नाही, वय झालंय, एकटा पडलाय, धीर धरा. धीर धरणं मला कधी जमलं आहे का? मी दिवसातून दहा वेळा खुर्ची ओढून पिंजऱ्यापुढं बसायचे, वरून वाकायचे, पाला पुढं करायचे, "खा रे बाबा, खा" म्हणायचे. मी वाकले की तो आणखी मागं सरकायचा.

मग तुझ्या साडीचं सांगते. तेराव्याला तू मला दुखवट्याची साडी दिलीस, मोरपंखी, जरीच्या काठाची. "आईच्या जागी आता तुमीच" म्हणालीस आणि मला बोलू न देता गाडीत जाऊन बसलीस. तू जाऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुखवट्याची साडी नुसती पेटीत घालू नये, एकदा नेसून घरात वावरावं, अशी आपल्याकडं रीत आहे. नेसले. दुपारी लाईट गेली, पंखा बंद, घरात नुसता उकाडा. पिंजऱ्यावरचं पोतं भिजवलं, पण माझ्याच जिवाची काहिली होत होती. खुर्चीत बसवेना. कुठं गार लागतंय म्हणून बघत बघत गुडघ्यांना न विचारता मी मोरीच्या अलीकडं, आक्काच्या जागेवर, सपशेल आडवी झाले. पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं होतं. फरशी गार होती. डोळा लागला.

जाग आली ती कुणीतरी पदर ओढतंय म्हणून. डोळे उघडले तर माझ्या नाकासमोर चेअरमन. तुझ्या साडीचा काठ तोंडात धरून कुरकुर कुरकुर चालली होती. पळाला नाही. इतक्या वर्षांत मी त्याला असा समोरासमोर कधी बघितलाच नव्हता, कायम वरूनच बघितला. खालून बघितलं तेव्हा कळलं, त्याच्या बाजूनं आपण काय दिसत असू... वरून झेपावणारी घार. आक्का त्याच्यावर कधी वाकली नव्हती, ती त्याच्या शेजारी नुसती असायची.

एकीकडं आनंद आणि दुसरीकडं धाकधूक, जरीची तार पोटात गेली म्हणजे? मी श्वास रोखून हात लांब केला, पिंजऱ्याबाहेर पडलेली घासाची एक काडी ओढली आणि हळूच काठाच्या जागी त्याच्या तोंडाशी सरकवली. त्यानं वास घेतला. काठ सोडला. काडी धरली. काडी आत जाताना अशी दिसते बघ, जसं कुणी आतून ओढून घेतंय. ती संपली, दुसरी दिली. मग तिसरी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं आणि पुसायला हात हलवायची सोय नव्हती.

तेवढ्यात मालक दारात आले.

"काय झालं? पडलीस का काय?"

"हळू बोला. चेअरमन जेवायलेत."

"उठता येतंय का तुला?"

"न्हाई येत. पण आत्ता उठवू नका."

ते चपला बाहेर काढून आत आले, बराच वेळ भिंतीला टेकून उभे राहिले, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, हळूहळू तेही खाली बसले.

आता रोज दुपारचं आमचं ठरलंय. जेवणं झाली की मी फरशीवर आडवी होते, चेअरमन येतो, घास खातो, मग माझ्या पोटरीला पाठ लावून बसतो. मला उठवायला मालक लागतात, आणि उठवताना ते काय काय बोलतात ते पेपरात लिहिण्यासारखं नाही. परवा उचलला तर हाताला चांगला जड लागला. माझ्या छातीवरचा दगड उतरला ग. म्हातारा आहे, किती दिवस काढेल माहीत नाही, पण जाईल तो आपल्याच घरात, भरल्या पोटी जाईल. आक्काला मी एवढंच कबूल केलं होतं.

म्हणून तुला सांगते, "आई गेली तेव्हा मी जवळ नव्हते" हे मनाला लावून घेणं आता सोड. ती कसल्याही काळजीत गेली नाही. जी एक होती ती माझ्या हवाली करून निजली, आणि ती काळजी आता रोज दुपारी माझ्या शेजारी बसून जेवते. साडीचं म्हणशील तर काठ हातभर गेलाय. रफू करायची नाही, तशीच नेसणार आहे. तू मात्र चांगले कपडे घालून येऊ नकोस, एखादा जुना ड्रेस घाल, दुपारी तुलाही फरशीवरच निजायचं आहे. त्याला वरून हात लावू नकोस, नुसती पडून राहा, तो येईल. आंबे उतरायच्या आत ये. तुझी आई बसायची तिथं दोघी मावतील एवढी जागा आहे. ये ग लवकर.